नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि औचित्याचा प्रश्न

इंदूरच्या पोलोग्राउंड भागात आज पोलो कोणी खेळत नाही. होळकरशाहीतील त्या खेळाचे नाव तेवढे उरले आहे. बाकी चहूकडे कारखान्यांची पत्र्याची छपरे, वीज कंपनीची कचेरी आणि मालमोटारींची ये-जा. येथेच एका लहानशा कारखान्याच्या माडीवर माझी वकिलीची खोली आहे. खाली दिवसभर नभोवाणी चालू असते, आणि यंत्रांच्या आवाजावर मात करावयाची म्हणून ती मोठ्यानेच चालू असते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका कारखान्यातील पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम गाळीत आहे. वय चाळिशीचे, वैधव्य आलेले, पदरी शाळेत जाणारा एक मुलगा. एका खासगी नभोवाणी केंद्रावर सकाळच्या वेळी लोकांना फसवे दूरध्वनी करून त्यांची फजिती श्रोत्यांना ऐकविण्याचा कार्यक्रम चालत असे. बाईंच्याच एका सहकाऱ्याने गंमत म्हणून त्यांचा क्रमांक त्या केंद्राला दिला. निवेदकाने आपण विवाहमंडळातून बोलत असल्याची बतावणी केली आणि एका सद्गृहस्थांनी तुम्हांला मागणी घातली आहे, असे सांगितले. बाई प्रथम गोंधळल्या. मग त्यांनी संकोचाने दोन-तीन प्रश्न विचारले: गृहस्थ कोठले, काय करतात, मुलाला सांभाळतील का. एवढ्यात निवेदक हसला. हे सारे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रक्षेपित झाले. मुलाला शाळेत नेणाऱ्या रिक्षातही तेच केंद्र लागलेले होते.

बाई मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, त्यात वाईट शब्द एकही नाही. मी तीनदा आठवून पाहिलं. मग मला एवढी लाज का वाटते आहे?”

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ह्यांवरील असभ्यतेला सरकारने आळा घालावा की नाही, ह्यावर आपल्याकडे दोन ठरीव पक्ष आहेत. एक म्हणतो, घराघरांतून चाललेला हा चहाटळपणा दंडुक्याने थांबवा. दुसरा म्हणतो, ज्याला नको त्याने बटण फिरवावे. त्या बाईंचा प्रश्न ह्या दोन्ही पक्षांच्या पकडीत सापडत नाही. म्हणून आधी ‘अश्लील’ ह्या शब्दाकडेच वळणे बरे.

‘अश्लील’ म्हणजे मुळात ‘अश्रील’. र-काराचा ल-कार झाला. ज्यात श्री नाही, शोभा नाही, ते अश्लील. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी ह्या दोषाचा विचार फार बारकाईने केला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषांची चर्चा करताना अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले: व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचविणारे. लाज, किळस आणि अशुभ. स्त्रीपुरुषसंबंधाचा उच्चार हा ह्या विचाराचा फार तर एक कोपरा आहे. एवढेच नव्हे, तर हा दोष नित्य नाही, हेही मम्मट सांगतो. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट मंडळींत तेच वचन गुण ठरते. त्याच काश्मिरात, त्याच शतकात क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचे जीवित मानून ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. शब्द कोणता, ह्यापेक्षा तो कोणी, कोठे, केव्हा आणि कोणासमोर उच्चारला, हे पाहण्याची दृष्टी आपल्याकडे हजार वर्षांची जुनी आहे.

ही दृष्टी पोथीतच राहिली असे नाही. शिमग्याच्या दिवसांत कोकणातील गावात जी बोंब ठोकली जाते ती एरवीच्या दिवशी कोणी ठोकली, तर गाव त्याला जाब विचारील. गोव्यात शिगम्याचा मांड ठरलेला असतो आणि मांडाला मांडाचे नियम असतात. इंदुरात रंगपंचमीची गेर राजवाड्यासमोरून निघते तेव्हा भल्याभल्यांच्या अंगावर रंग पडतो. दुसऱ्या दिवशी तसा रंग कोणी टाकीत नाही. राम जोशांसारखा एकच पुरुष तमाशाच्या फडासाठी लावण्या रचीत होता आणि पुढे देवळात कीर्तनालाही उभा राहिला. लावणी वाईट व कीर्तन चांगले, असा सरळ हिशेब समाजाने मांडला नाही. फडाची जागा, वेळ आणि श्रोता वेगळा, देवळाचा वेगळा. हे अंतर तेवढे सांभाळले गेले. ‘शिमगा गेला तरी कवित्व उरते’ ही म्हण टीकेच्या सुरात वापरली जाते, ह्यातच काय ते आले. कवित्वाला हरकत नाही; ते शिमग्याबरोबर जावे, एवढीच अपेक्षा.

नभोवाणीने आणि मागाहून दूरचित्रवाणीने हे अंतर पुसले. लहरींना देवळाचा उंबरठा नाही आणि फडाची कनातही नाही. आजी, सून आणि नातू एकाच माजघरात एकच आवाज ऐकतात. म्हणून लहरींवर काही नियमन हवे, हे मला मान्य आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या माझ्या अनेक मित्रांना ते मान्य नाही. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातही सभ्यता व नीतिमत्ता ह्यांकरिता वाजवी निर्बंधांना जागा ठेवलेली आहे. परंतु निर्बंध वाजवी व्हावयाचा तर मोजणाऱ्याने योग्य ती वस्तू मोजली पाहिजे. आमच्या सरकारांनी आजवर काय मोजले?

पहिला प्रसंग स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा. सरदार वल्लभभाई पटेल नभोवाणी खात्याचे प्रमुख असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा कलावंतांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण ठरले. नभोवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ते नोंदवून ठेवले आहे. शब्द सर्वांना उद्देशून होते; परंतु त्यांची धार कोणाच्या मानेवर होती, हे उघड आहे. ज्या बायकांच्या घराण्यांत गाणे हीच वृत्ती होती, त्यांच्यावर. देवळाशी नाते सांगणाऱ्या वाचकांनी तरी येथे क्षणभर थांबावे. गोव्याच्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या गानसेवा करणाऱ्या कलावंत समाजाने ह्या देशाला केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या. देवासमोर ज्या समाजाचे गाणे चालले, त्याच जातकुळीचे गाणे सरकारी ध्वनिक्षेपकासमोर मात्र चारित्र्याच्या दाखल्यावाचून चालेना. येथे सरकारने गाणे मोजले नाही. गाणारीचे घर मोजले.

दुसरा प्रसंग डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्या कारकीर्दीतला. ते १९५२ पासून १९६२ पर्यंत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. माणूस विद्वान, संगीताचा मर्मज्ञ आणि हेतूने निर्मळ. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर त्यांनी जे स्थान दिले, त्याबद्दल त्यांचे ऋण कोणीही मान्य करील. परंतु चित्रपटगीते ही त्यांच्या मते अभिरुची बिघडविणारी होती. म्हणून आकाशवाणीने त्यांवर मर्यादा घातल्या, चित्रपटाचे नाव सांगणे बंद केले, निर्मात्यांशी वाद झाला आणि काही काळ ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

परिणाम काय झाला हे सर्वश्रुत आहे. श्रोत्यांनी सुई फिरवून सिलोन लावले. १९५२ सालीच तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री देश परक्या भूमीवरून आपलीच गाणी ऐकू लागला. आमच्या इंदुरात मालवा हाउसमधील आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते २२ मे १९५५ रोजी, म्हणजे ह्याच कालखंडात. ह्या योगायोगाची मला नेहमी मौज वाटते. ज्या गायिकेच्या आवाजासाठी लोक सिलोन शोधीत होते, तिचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरातच झालेला, आणि तिचे आडनाव मंगेशीच्या देवळाचे. लता मंगेशकरांच्या जन्मगावी सरकारी केंद्र उघडले तेव्हा त्यांची चित्रपटगीते ऐकावयास गावाला समुद्रापलीकडच्या बेटाचा आश्रय घ्यावा लागत होता. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने आपली चूक न बोलता सुधारली.

केसकरांचा दोष अभिरुचीचा नव्हता. अभिरुचीला आज्ञेचे रूप देण्याचा होता. हलके असणे आणि अश्लील असणे ह्यांत महदंतर आहे. मला न रुचणारे गाणे हे माझ्या शेजाऱ्याच्या नीतीवरील संकट नव्हे. मंत्र्याला ते तसे वाटू लागले की नियमन संपते आणि शिकवणी सुरू होते. आणि शिकवणी नको असलेला विद्यार्थी खिडकीतून पळतो.

न्यायालयांचा प्रवास ह्याहून धीमा, पण अधिक शिकविणारा आहे. १८६८ साली विलायतेत हिक्लिन खटल्यात एक कसोटी ठरली: ज्यांची मने अशा प्रभावांना सहज बळी पडतात त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय? म्हणजे सर्वांत दुबळ्या मनाच्या वाचकाला प्रमाण मानावयाचे. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी ह्यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली थोडी डागडुजी करून तीच कसोटी स्वीकारली. पुढची पायरी मराठी माणसाच्या निमित्ताने आली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ ह्या कथेवरून चंद्रकांत काकोडकर ह्यांच्यावर खटला झाला. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. न्यायाधीशाने सुटी वाक्ये न उचलता संपूर्ण कृती वाचावी आणि समाजाच्या बदलत्या मापांचे भान ठेवावे, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट झाले. शब्दाला संदर्भात पाहावे हे मम्मटाने सांगितलेलेच होते. आम्ही ते विलायतेच्या वाटेने परत मिळविले.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत ‘तमस’ मालिकेचा खटला मला महत्त्वाचा वाटतो. तो अश्लीलतेचा नव्हता, फाळणीतील हिंसेच्या चित्रणाचा होता. परंतु पाहणारा कोण समजावयाचा, हा प्रश्न तोच. १९८८ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास हरकत नाही, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम करताना नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी पूर्वी दिलेली कसोटी उचलून धरली: परिणाम मोजावयाचा तो विवेकी आणि खंबीर मनाच्या माणसावर होणारा, जागोजागी धोका दिसणाऱ्या डळमळीत मनावर होणारा नव्हे. पुढे २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी सोडून समकालीन समाजाचे माप घेतले. २०२४ साली अपूर्वा अरोरा प्रकरणात तर शिवराळ असणे म्हणजे कायद्याने अश्लील असणे नव्हे, असेही सांगितले. व्रीडा वेगळी आणि जुगुप्सा वेगळी, हे त्या रीतीने मान्य झाले.

न्यायालये अशी शहाणी होत असताना दूरचित्रवाणीचे नियम मात्र निराळ्या दिशेने गेले. वाहिन्या तारांवरून घराघरांत शिरल्या तेव्हा १९९४ साली नियम आणि १९९५ साली केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचा कायदा आला. त्या नियमांतील कार्यक्रमसंहिता वाचण्यासारखी आहे. सुरुची व सभ्यता ह्यांना बाधा आणणारे, अश्लील, बदनामीकारक, अर्धसत्य, स्त्रीची विटंबना करणारे, एखाद्या व्यक्तीची नालस्ती करणारे असे काही दाखवू नये. आणि मुलांस अयोग्य असा कार्यक्रम, मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतील त्या वेळी लावू नये. शेवटचे कलम निव्वळ औचित्याचे आहे. त्यात विषयाला बंदी नाही. वेळेचा विवेक आहे. माझ्या मते संपूर्ण संहितेतील शहाणपणाचे वाक्य तेवढेच, आणि सर्वांत कमी वापरले गेले तेही तेच.

मुंबईच्या प्रा. प्रतिभा नैथानी ह्यांनी २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिका केली ती ह्याच अनास्थेमुळे. केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट भर दिवसा घरोघरी दिसत होते, आणि त्यांची तक्रार सर्वस्वी रास्त होती. न्यायालयाने अशा चित्रपटांचे प्रक्षेपण रोखण्याचे आदेश दिले. २००६ च्या ऑगस्टात पोलिसांनी कारवाई केली आणि मुंबईत काही दिवस कित्येक चित्रपटवाहिन्या अंधारल्या. पुढे नियमच असा रूढ झाला की निर्बंधरहित सार्वजनिक प्रदर्शनास योग्य नसलेला चित्रपट दूरचित्रवाणीवर यावयाचाच नाही. भर दुपारी नाही आणि मध्यरात्रीही नाही.

येथे तक्रार रास्त असूनही उपाय चुकला, असे मला नम्रपणे वाटते. तक्रार वेळेची होती. उत्तर प्रमाणपत्राने दिले गेले. ज्याला प्रमाणपत्र लागते तो चित्रपट बांधला गेला, आणि ज्याला लागत नाही ते सारे मोकळे राहिले. अपघातात मेलेल्याचा चेहरा पुनःपुन्हा दाखविणारी बातमी, रडणाऱ्या आईसमोर ध्वनिक्षेपक धरणारा वार्ताहर, लहान मुलांना प्रौढांचे हावभाव करावयास लावणारी नृत्यस्पर्धा ह्यांपैकी कशालाही ते प्रमाणपत्र लागत नाही. जुगुप्सा आणि अमंगल ह्या मम्मटाच्या दोन्ही शाखा अशा रीतीने सुटल्या आणि एकट्या व्रीडेवर सगळा पहारा बसला. तोही आंधळा पहारा. कारण मध्यरात्री एकटा जागणारा प्रौढ आणि दुपारी शाळेतून आलेले मूल ह्यांत त्याला भेद दिसत नाही.

सरकारची स्वतःची शिक्षा तर आणखी ओबडधोबड. २००७ साली एएक्सएन आणि एफटीव्ही ह्या वाहिन्यांवर असभ्य कार्यक्रमांबद्दल प्रत्येकी दोन महिन्यांची बंदी फर्मावण्यात आली. ते कार्यक्रम उत्तम होते असे मी म्हणणार नाही. परंतु एका पानासाठी संपूर्ण ग्रंथालयाला कुलूप लावणे, ही शिक्षा कोणत्याही दंडनीतीत बसत नाही. शिवाय फिर्यादी सरकार, न्यायाधीश सरकार आणि बेलिफही सरकार!

आता नभोवाणीकडे परत येऊ, कारण त्या बाईंचा प्रश्न तेथलाच आहे. खासगी एफ.एम. केंद्रांच्या इतिहासात इंदूरचे स्थान मानाचे आहे. २००१ साली रेडिओ मिरचीने आपले देशातील पहिले केंद्र येथेच उघडले. अशा केंद्रांना केबलचा कायदा लागू नाही. परवान्याच्या करारात आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता पाळण्याची अट असते, एवढेच. ती संहिता १९६०च्या दशकातली. तिच्यात नऊ निषेध आहेत. मित्रराष्ट्रांवर टीका नको, राष्ट्रपती, राज्यपाल व न्यायसंस्था ह्यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको, न्यायालयाचा अवमान नको. ह्या रांगेत ‘अश्लील किंवा बदनामीकारक काही नको’ हे एक कलम. नऊंतील बहुतेक कलमे मोठ्यांच्या आणि संस्थांच्या अब्रूची राखण करतात; पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला जेमतेम अर्धे कलम येते. खासगी केंद्रांना परवाने देताना सरकारने सर्वांत जपून जी गोष्ट हाती राखली ती बातमी. माणसाच्या फजितीला कोणी पहारेकरी नेमला नाही.

मी त्या केंद्राला पत्र लिहिले. बाईंना भरपाई नको होती, दावाही नको होता. त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात, झाले ते चुकले एवढे एक वाक्य कोणीतरी म्हणावे, ही त्यांची मागणी. महिन्याभराने उत्तर आले. त्यात एकच वाक्य होते: सदर कार्यक्रमात कोणताही अश्लील मजकूर नव्हता.

वकील म्हणून मला ते उत्तर खोडता आले नाही. आमच्या कायद्याने अश्लीलता म्हणजे कामवासना चाळविणारे ते, एवढेच शिकविले आहे, आणि त्या मापाने केंद्र निर्दोष होते. परंतु मम्मटाच्या मापाने? एका विधवेच्या मनात क्षणभर उमललेली आशा तिच्या संमतीवाचून गावभर वाजविणे ह्याहून श्रीहीन काय असावयाचे? तिला लाज का वाटली, ह्याचे उत्तर आता मी देऊ शकतो. माजघरातले बोलणे चव्हाट्यावर नेले गेले, म्हणून. शब्द निर्दोष होते. जागा चुकली होती. आणि ती चूक तिची नव्हती.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. औचित्य हा शब्द लवचीक आहे; तो एकदा सरकारच्या हाती दिला की केसकरांची आज्ञा दुसऱ्या वेषाने परत येईल, असे कोणी म्हणेल. भीती खरी आहे. म्हणूनच औचित्य ठरविण्याचा अधिकार मंत्र्याकडे नसावा. १९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन स्वायत्त प्राधिकरणाने करावे, असे स्पष्ट सांगितले. कार्यक्रमांच्या आशयाकरिता असे सर्वस्वी स्वतंत्र प्राधिकरण त्यानंतरही निर्माण झाले नाही. २०११ साली वाहिन्यांनी स्वतःचे तक्रारमंडळ स्थापिले आणि न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा त्याचे पहिले अध्यक्ष झाले, हे पाऊल चांगले होते. २०२१ च्या दुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरविल्या: प्रथम वाहिनी, तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, मग वाहिन्यांची नियामक संस्था, शेवटी सरकारची आंतरविभागीय समिती. जिना चांगला बांधला आहे. परंतु वरच्या मजल्यावर पुन्हा सरकारच बसलेले आहे.

मला हवे ते थोडके आहे. विषयावर बंदी नको, वेळेवर असावी. वाहिनी बंद पाडू नये. चुकलेल्या कार्यक्रमाने, चुकला त्याच वेळी, चूक कबूल करावी. ज्या सामान्य माणसाचा आवाज वा चेहरा हास्याकरिता वापरावयाचा त्याची आधी संमती घ्यावी, आणि ती घेतल्याचा पुरावा केंद्राने ठेवावा. निर्णय देणारे मंडळ सरकारपासून वेगळे असावे आणि प्रत्येक निर्णयाला लेखी कारणे असावीत. कारणे बंद पाकिटात ठेवून वाहिनीचा परवाना रोखता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मीडियावन प्रकरणात सांगितलेच आहे. आणि हे सारे नभोवाणीलाही लागू असावे. कानाला डोळ्याहून कमी लाज असते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

‘बटण तुमच्या हाती आहे’ हे उत्तर मी अनेकदा ऐकतो. रिक्षात बसलेल्या मुलाच्या हाती ते नसते. यंत्रावर उभ्या असलेल्या बाईच्याही नसते. जेथे ते आपल्या हाती आहे, तेथे आपण काय करतो? आपल्या देवस्थानांच्या सभांतून दूरचित्रवाणीमुळे बिघडलेल्या पिढीवर कळकळीची भाषणे होतात. त्या श्रोत्यांपैकी पंधरा दिवसांच्या त्या तक्रारीचा एक तरी कागद कितीजणांनी लिहिला आहे? कार्यक्रम कोणता, तारीख कोणती, वेळ कोणती, कोणाचे काय दुखावले, हे चार ओळींत मांडावयास वकील लागत नाही. आणि लिहिताना एवढे मात्र पाहावे की आपण दुसऱ्याच्या दुखापतीबद्दल लिहीत आहोत, केवळ स्वतःच्या नावडीबद्दल नव्हे. कलावंतिणीला नाकारणारे धोरण, गाण्याला नाकारणारी आज्ञा, ह्यांच्या मागे आपल्यासारख्याच सभ्य लोकांची संमती उभी होती, हे विसरून चालणार नाही.

त्या बाई आठवड्याने कामावर परत आल्या. कार्यक्रम पुढेही बरेच दिवस चालू होता. त्यांच्या खात्यातील बायकांनी मात्र त्या वेळेपुरती नभोवाणी बंद ठेवावयास सुरुवात केली. कोणी सांगितले नव्हते; सूचनाफलकावर काही लागले नव्हते. माडीवर बसून मला एवढेच कळे की साडेआठ ते नऊ खाली फक्त यंत्रांचा आवाज येतो.